कुणाला लागणार आहे का?

कागद फाडायच्या आधी भाऊसाहेब हात धुवायचे. आम्ही बाया फाडून झाल्यावर धुवायचो, कारण धुळीनं हात काळे व्हायचे. ते आधी धुवायचे, साबण लावून, कोपरापर्यंत, आणि मग कशाला न पुसता हात वर धरून वाळवायचे. नसीमबी म्हणायची, "लो, चच्चा का वजू हो गया. अब नमाज शुरू." त्यांना ऐकू जाईल असंच म्हणायची. ते हसायचे नाहीत आणि रागवायचेही नाहीत.

आमच्या सरकारी कॉलेजात ते रेकॉर्डचे कारकून होते. मी तिथं झाडूवाली. आधी चौदा वर्षं रोजंदारीवर, मग ठेकेदाराच्या हाताखाली. झाडू तोच, मजलेही तेच. आम्ही अशा आठ बाया होतो आणि आठही जणींना एकच आस होती, की कधीतरी कायम होऊ. ती आस भाऊसाहेबांनी संपवली असं सात जणी म्हणतात. मी काय म्हणते ते मला कुणी विचारलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

रेकॉर्डची खोली ग्रंथालयाच्या मागं, जिन्याखाली होती. लांबट, एकाच खिडकीची, छताला टेकलेल्या लोखंडी मांडण्यांची. मांडण्यांवर लाल कापडात बांधलेले गठ्ठे. कागद खाणारी कसर लागू नये म्हणून प्रत्येक गठ्ठ्यात कडुलिंबाचा पाला आणि तंबाखूचं एक पान असायचं. भाऊसाहेब स्वतः तंबाखू खात नव्हते. पण शहागंजातून ते एवढी पानं न्यायचे, की तिथला दुकानदार त्यांना एकदा म्हणाला, "साहब, इतना खाके दांत सफेद कैसे रखे, हमकू भी बताओ."

दर मे महिन्यात, पोरं सुट्टीवर गेली की जुने कागद काढायचं काम निघायचं. पहिल्या वर्षी त्यांनी आम्हा आठ जणींना व्हरांड्यात ओळीनं उभं केलं आणि विचारलं, "वाचता कुणाला येतं?" नसीमबीनं मला कोपरानं पुढं ढकललं.

"कितवी?"

"चौथी."

"बास. साल वाचता आलं पाहिजे आणि मजकूर कळला नाही पाहिजे. चौथी बरोबर आहे."

मला हिणवायला ते असं बोलले नव्हते. कोणता गठ्ठा कोणत्या मांडणीवर, तसं त्यांनी मला एका जागी ठेवलं, एवढंच. हौद ढवळायला दांडगी बाई पाहिजे म्हणून नसीमबीला घेतलं. तेव्हापासून दर मे महिन्यात आम्ही तिघं त्या खोलीत.

सरकारी कागदाला वर्ग असतो हे मला त्यांनी सांगितलं. अ म्हणजे कधीच फाडायचा नाही. ब तीस वर्षांनी. क पाच-दहा वर्षांनी, आणि ड वर्षभरात संपला. सगळ्या जगालाच त्यांनी हे वर्ग लावून टाकले होते. दोन शिपायांचं भांडण झालं की म्हणायचे, "ड वर्ग. मार्चअखेर संपेल." प्राचार्यांनी कुणाचा राग धरला की म्हणायचे, "क आहे, जरा चालेल." एकदा नसीमबीनं विचारलं, "और हम, भाऊसाब? हम किसमें?" ते विचार करून म्हणाले, "तुमची नोंदच अजून पक्की नाही." नसीमबी खो खो हसली. मलाही हसू आलं होतं तेव्हा.

गठ्ठा फाडायच्या आधी पंधरा दिवस ते फळ्यावर नोटीस लावायचे, अमुक अमुक कागद नष्ट करणार आहोत, कुणाला हवे असतील तर कळवावे. तेवढं नियमात होतं. पुढचं त्यांचं स्वतःचं होतं. गठ्ठा टेबलावर ठेवायचे, लाल कापडाची गाठ सोडायचे, एकेक पान उलटून बघायचे, यादीतला नंबर मोठ्यानं वाचायचे आणि दाराकडं तोंड करून विचारायचे, "कुणाला लागणार आहे का?" दारात कुणी नसायचं. सुट्टीत कोण येणार? थोडं थांबून परत विचारायचे. परत थांबायचे. तिसऱ्यांदा विचारून झालं की म्हणायचे, "फाडा."

एक शिपाई त्यांची नक्कल करायचा. त्यानं तोंडावर विचारलं, "भाऊसाहेब, भिताडाला कशाला विचारता? नोटीस लावलीय की."

"नोटीस वाचता येणाऱ्यासाठी असते. ज्याला वाचता येत नाही त्याचा पण कागद असतो."

फाडायचं कसं तेही त्यांनी शिकवलं. उभं फाडायचं नाही. उभं फाडलं की नाव एका तुकड्यावर आणि आडनाव दुसऱ्यावर सबंध राहतं. आडवं फाडायचं, अक्षराच्या पोटातून. म्हणजे वरची रेघ आणि वेलांट्या एका हातात राहतात आणि खालचे पाय दुसऱ्या हातात. मग कुणी कितीही जुळवू दे. ते तुकडे मागच्या हौदात दोन दिवस भिजत घालायचे. नसीमबी बांबूनं ढवळायची. लगदा झाला की भाऊसाहेब बाही वर करून त्यात हात घालायचे, मूठभर काढून उन्हात धरायचे, आणि कुठं एखादी वेलांटी दिसली की पुन्हा दोन दिवस. नसीमबीच्या शिव्या तेव्हा हौदात पडायच्या. शेवटी तो लगदा आवारातल्या चिंचेच्या आळ्यात जायचा.

ते म्हणायचे, "ठेवणं काय, उंदरालाही जमतं. टाकायला माणूस लागतो."

मी चौथी शिकलेली, पण बीएच्या हजारो पोरांचे पेपर माझ्या हातानं फाडलेत. मजकूर कळत नव्हता असं मात्र नाही. थोडा कळायचा. एकदा मी फाडता फाडता थांबले होते. भाऊसाहेब मांडणीआडून म्हणाले, "बाई, तुम्ही वाचताय."

"नाय, भाऊसाहेब."

"ओठ हलतायत."

मी मान खाली घातली. त्या पेपरात एका पोरानं प्रश्नाचं उत्तर लिहिलंच नव्हतं. लिहिलं होतं, 'सर, मला काही येत नाही, पण उठून गेलो तर बाहेर वडील बसलेत, म्हणून तीन तास बसतो आहे.' खाली तीच ओळ पाच वेळा काढली होती, वेळ जावा म्हणून. मी ते अक्षराच्या पोटातून फाडलं. त्या उन्हाळ्यात मी ओठ न हलवता वाचायला शिकले. भाऊसाहेबांना वाटलं, मी वाचायचं सोडलं. की त्यांना कळलं होतं? आता वाटतं, कळलं असावं.

रद्दीवाल्याला ते एक चिठोरं देत नसत, त्याची गोष्ट नसीमबीनं सांगितली. ती शहागंजला राहते. तिनं डोळ्यांनी बघितलं. भाऊसाहेब एका गाडीवर भजी घ्यायला थांबले. भजी हातात आली आणि त्यांनी ती खायच्या आधी कागद उलटा करून वाचला. तो कुठल्यातरी शाळेतला अर्ज होता, एका पोरीनं आईच्या आजारपणासाठी सुट्टी मागितलेली, नावगावासकट. भाऊसाहेबांनी भजी सरळ गाडीच्या फळीवर ओतली आणि म्हणाले, "यह कागद का पूरा गठ्ठा देव."

भजीवाला म्हणाला, "चच्चा, भजे होना के कागद होना?"

"दोनो होना. पहले कागद."

अख्खी चळत पिशवीत घालून ते निघाले. भजी तिथंच राहिली. ती नसीमबीनं खाल्ली. दुसऱ्या दिवशी ती चळत आमच्या हौदात होती. आमच्या कॉलेजची नव्हती, यादीत नव्हती, तरी भाऊसाहेबांनी तिला वेगळी यादी केली. वर्गाच्या रकान्यात काय लिहावं यावर ते दुपारपर्यंत अडले होते.

एक प्राचार्य आले होते घाईचे. तपासणीची समिती यायची होती. त्यांनी खोलीत डोकावून नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "हे सगळं मागं नेऊन पेटवून द्या. कचरा आहे."

"साहेब, कचरा आहे असं लिहून द्या."

"अहो, दिसत नाही का तुम्हाला?"

"मला दिसतंय. फायलीला दिसलं पाहिजे."

प्राचार्यांनी लिहून दिलं नाही आणि गठ्ठे राहिले. समिती त्या खोलीकडं फिरकलीसुद्धा नाही. शहराचं नाव बदललं तेव्हा जुन्या नावाचे शिक्के आणि कोरे छापील कागद सगळ्या खात्यांतून गोळा करून त्यांनी मोजले. लिहिलेल्या कागदापेक्षा कोरा जास्त वाईट, त्याच्यावर कुणी काहीही लिहील, म्हणायचे. शिक्क्यांचं रबर ब्लेडनं चिरून टाकलं. स्टाफरूममध्ये कुणी त्यांना डिवचलं, "मग तुम्ही कोणतं नाव म्हणता, भाऊसाहेब? जुनं का नवं?" ते म्हणाले, "त्या तारखेच्या कागदावर असेल ते." दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्यावर चिडले.

त्यांची आठवण भलती पक्की होती. फाडायच्या आधी पान पान उलटून बघायचे, ते डोक्यात छापलं जायचं असावं. पण ते कधी बोलायचे नाहीत. एकदा एक म्हातारा माणूस आला. पन्नाशी उलटल्यावर त्याला आपल्या एका परीक्षेचे गुण हवे होते, कशासाठी ते त्यानं सांगितलं नाही. भाऊसाहेबांनी वही बघितली आणि म्हणाले, "नष्ट." तो माणूस दारातच घुटमळला. म्हणाला, "तुम्हाला आठवत असेल, लोक म्हणतात तुम्हाला आठवतं." भाऊसाहेबांनी वही मिटून जागेवर ठेवली. तो गेल्यावर मी धीर करून विचारलं, "आठवत नाय का खरंच?"

"फाडलेलं आठवायचं नसतं, बाई. मग फाडलं कशाला?"

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

आम्हाला ठेकेदाराकडं दिल्यावर पाच वर्षांनी, एका मे महिन्यात, गठ्ठ्यांवरची सालं वाचता वाचता माझ्या हातात रोजंदारांचे हजेरीपट आले. आमचेच. चौदा वर्षांचे. हिशेब तपासणाऱ्यांचा काही आक्षेप होता म्हणून जुनेही तोवर अडकून पडले होते. तो मिटला आणि सगळे एकदम यादीत आले. पगाराच्या पावत्या तर आधीच गेल्या होत्या.

भाऊसाहेबांनी गाठ सोडली. मी समोर बसले होते. वरच्याच पानावर माझं नाव होतं, आठांत सहावं, पुढं तारखांची घरं आणि घराघरात 'ह', म्हणजे हजर. शेवटी माझी सही. आठ जणींत सही करणारी मी एकटी, बाकीच्यांचे अंगठे. त्या सहीचा मला फार अभिमान होता. नसीमबी हौदावर होती.

भाऊसाहेबांनी ते पान बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "तुमचं आहे," म्हणाले.

"व्हय."

"मुदत मार्चला संपली."

ते एकेक पान उलटत राहिले, चौदा वर्षांचं. चांगला तास गेला. मग त्यांनी यादीचा नंबर वाचला आणि दाराकडं तोंड करून विचारलं, "कुणाला लागणार आहे का?" थांबले. दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं आणि खूप वेळ थांबले. पंख्याचा आवाज येत होता. एवढ्या वर्षांत त्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नव्हतं. तो प्रश्न दाराला असतो असंच माझ्या मनानं धरलं होतं. वाटलं, 'मला लागेल' म्हणावं. पण का लागेल, हे त्यांनी विचारलं असतं तर काय सांगणार होते? आणि त्या इमारतीत मी कधी 'मला' म्हणून काही मागितलं नव्हतं. एक पान घडी करून कमरेला खोचता आलं असतं. तेही मनात येऊन गेलं. पण ती चोरी झाली असती, आणि त्यांच्या खोलीत चोरी मला जमली नसती.

"फाडा," ते म्हणाले.

मी आडवं फाडलं. माझी सही पहिल्यांदाच फाडली, तिचे नीट दोन भाग झाले. त्या वर्षी साक्षीदार शिपाई रजेवर होता. कागद योग्य रीतीनं नष्ट झाले याच्या दाखल्यावर साक्षीदाराची सही लागते, म्हणून भाऊसाहेबांनी माझी घेतली. मी ती चांगली काढली.

पुढं दोन-तीन वर्षांत भाऊसाहेब रिटायर झाले. आणि त्यानंतर बातमी आली, की जुन्या रोजंदार लोकांना कायम करून घेणार आहेत, सलग कामाचा पुरावा पाहिजे. आम्ही आठ जणी कॉलेजच्या ऑफिसात गेलो. तिथला नवा पोरगेला कारकून म्हणाला, "मावशी, तुमची कुठंच नोंद नाही." कुणी सांगितलं म्हणून कामगार कोर्टात गेलो. वकील म्हणाले, एक पान असतं तरी धरून चाललो असतो. मग नसीमबीला सुचलं, "चच्चा कू लाते ना. उनोंच बोलेंगे. उनके सामनेच तो बैठी थी ये."

मी आणि नसीमबी सिडकोला त्यांच्या घरी गेलो. त्यांना फार आनंद झाला. आनंद कशाचा, तर त्यांची नाशयादी कोर्टात दाखल होणार याचा. नष्ट केलेल्या कागदांची यादी अ वर्गात असते, ती कधीच फाडत नाहीत. "कोर्टाला दाखवतो मी," म्हणाले, "एक पान इकडचं तिकडं सापडायचं नाही." वहिनींनी चहा दिला. निघताना नसीमबी मला म्हणाली, "हो गया काम समझ."

तारखेला ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. शपथ घेतली. यादी दाखवली. त्यात लिहिलं होतं, 'हजेरीपट, रोजंदार, चौदा वर्षे.' नावं नव्हती. यादीत नावं लिहीत नसतात.

आमच्या वकिलांनी विचारलं, "या बाई तुमच्या ओळखीच्या आहेत?"

"आहेत."

"त्यांनी किती वर्षं रोजंदारीवर काम केलं?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मला आठवतं, त्यांचे ओठ हलत होते. मग ते म्हणाले, "हजेरीपट बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

"अहो, पण तुम्हाला माहीत असेल ना! तुमच्यासमोर काम करत होत्या."

"शपथेवर कागदाशिवाय सांगणं बरोबर नाही. माणसाची आठवण चुकते."

मग कॉलेजचे वकील उठले. ते हसतमुख होते. "हजेरीपट नष्ट करण्याआधी तुम्ही सूचना दिली होती?"

"नोटीस लावली होती. शिवाय तोंडी तीनदा विचारलं होतं, कुणाला लागणार आहे का."

"तेव्हा या बाई तिथं होत्या?"

"होत्या. साक्षीदार म्हणून सही आहे."

"त्यांनी मागितले?"

"नाही." मग कुणी विचारलं नसताना म्हणाले, "तिसऱ्यांदा विचारल्यावर मी नेहमीपेक्षा जास्त थांबलो होतो."

तेव्हा मला कळलं, की तो प्रश्न दाराला नव्हता.

जज्जसाहेबांनी ते सगळं लिहून घेतलं. एवढ्या वर्षांतला माझा एकच दिवस कोर्टात सिद्ध झाला, ज्या दिवशी मी बाकीचे फाडले तो. आणि तोही त्या चौदा वर्षांतला नव्हता, ठेकेदाराच्या काळातला होता. केस गेली. जिन्यावर नसीमबीनं भाऊसाहेबांना गाठलं. "चच्चा, झूठ बोलने कू थोडीच बोले थे हम? सच तो बोलना था! कागद के कीड़े हो तुम, कीड़े. आठ घर खा गये." ते मान खाली घालून ऐकत राहिले. मी लांब उभी होते. मला न बोलण्याचीच सवय.

ठेकेदारानं पुढं आम्हाला काढून टाकलं. केस केलेल्या बाया नकोत म्हणाला. नसीमबी आता घरीच असते. मी चिकलठाण्याला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासते.

वर्षभरानं वहिनींचा फोन आला. भाऊसाहेब अंथरुणाला लागलेत, खात नाहीत, दिवसभर एका वहीत लिहीत बसतात, आणि तुम्हाला बोलवा म्हणतात. नसीमबीला सांगितलं असतं तर तिनं जाऊ दिलं नसतं. मी एकटी गेले.

ते ओळखू येत नव्हते. हातांची नुसती काटकं झाली होती. उशाखालून एक जाड वही काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवली. मी उघडली. रेघा आखलेल्या, तारखांची घरं, आठ नावं. माझं सहावं. चौदा वर्षांचे हजेरीपट त्यांनी आठवून आठवून लिहून काढले होते. ज्या दिवशी मी गेले नव्हते तिथं 'गै' होतं, गैरहजर. सासऱ्यांचे दहा दिवस. थोरल्या पोरीच्या बाळंतपणाचा आठवडा. संचारबंदीचे दिवस. नसीमबीचा पाय मोडला ते दोन महिने.

"वाचा," ते म्हणाले. "चूक काढा."

"कशाला आता, भाऊसाहेब?"

"चूक असणारच. माणसाची आठवण आहे. तुम्ही काढा. घरी न्या, निवांत बघा."

मी वही घरी आणली. कामावरून आल्यावर रोज दोन-चार पानं बघायची. सणवार जुळवायची, थोरल्या पोरीला विचारायची, जुन्या कॅलेंडरांच्या मागं लिहिलेलं बघायची. एकदा ओठ न हलवता, एकदा हलवून. महिना-दीड महिना लागला. एक चूक नव्हती. माझी तर नव्हतीच, बाकी सात जणींचं मला जेवढं ठाऊक होतं त्यातही नव्हती. हे सगळं त्या दिवशी कोर्टात त्यांच्या डोक्यात होतं. एवढं सगळं. मी वहीवर डोकं ठेवून रडले. राग कुणावर काढावा तेही कळेना.

परत गेले तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. मला बघताच म्हणाले, "सापडली?"

वहिनी दारात उभ्या होत्या. पदराचा बोळा तोंडाला लावून. त्यांनी मला आत येतानाच सांगितलं होतं, दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

मला समजलं ते काय विचारत होते. वहीत एक चूक निघाली, तर कोर्टात ते बरोबर होते. नाही निघाली, तर आठ घरं त्यांनी उगाच बुडवली.

"सापडली, भाऊसाहेब."

ते सरळ झाले. "कुठं?"

मी वही उघडली. भाद्रपदातला एक मंगळवार होता. मी बोट ठेवून म्हणाले, "इथं. धाकटी पोरगी तापानं फणफणली होती तेव्हा. मी घरी होते. तुम्ही हजर लावलंय."

"नक्की?"

"नक्की. आई इसरेल का?"

ते त्या घराकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे चुकलो मी."

"व्हय."

"आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही."

"नाय ठेवता येत."

"म्हणजे मी तिथं बोललो ते..."

"बरोबर बोललात, भाऊसाहेब."

त्यांनी डोळे मिटले. गालावरून पाणी ओघळलं. ते पुसायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. मग त्यांनी पेन मागितला. 'ह' वर एक रेघ मारली, खोडताना खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे तशी, आणि शेजारी 'गै' लिहिलं. दुरुस्तीवर आपली लहान सही केली आणि पेन माझ्याकडं दिला. दुरुस्तीला संबंधिताची सही लागते, म्हणाले. मी सही केली. वहिनींनी वरणभात कालवून आणला, तो त्यांनी चार घास खाल्ला. पंधरा दिवसांनी ते गेले.

त्या मंगळवारी मी कामावर होते. हजेरी चुकली तर कायम होताना अडचण नको, म्हणून तापातली पोरगी शेजारणीच्या हवाली करून गेले होते. तिन्ही मजले झाडले, जिना पुसला, आणि संध्याकाळी घरी आले तेव्हा ती डोळे उघडत नव्हती.